श्वानदंश आणि दवाखान्याची वाट

आपल्या जिल्ह्यातील कारंजे हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना पूज्य आहे. दत्ताची तसबीर ज्या घरात आहे, त्या घरातील मुलाला दत्तामागची गाय आणि पायाशी असलेली चार कुत्री अक्षरओळख होण्यापूर्वीच ठाऊक असतात. ही चार कुत्री म्हणजे चार वेद, असे आजी त्याला सांगते. आणि तीच आजी संध्याकाळी ओट्यावरून ओरडते, ‘अरे, त्या कुत्र्याजवळ जाऊ नको, पिसाळलेलं असंल ते!’ वैश्वदेवात श्वानाचा बळी काढून ठेवणारे आपण आणि कुत्रा दिसताच दगड उचलणारेही आपणच. कुत्र्याशी असलेल्या आपल्या हजारो वर्षांच्या सहवासाची ही दोन टोके आहेत. आज ज्या रोगाचा इतिहास मला सांगावयाचा आहे, तो ह्या दोन टोकांच्या मध्ये घडलेला आहे.

कुत्र्यापासून माणसास होणारे रोग अनेक आहेत. परंतु ज्याच्या नुसत्या नावाने माणसाची छाती धडधडते तो रोग एकच, पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रेबीज किंवा जलसंत्रास. एकदा त्याची लक्षणे दिसू लागली की रोगी दगावतो. वाचल्याची उदाहरणे साऱ्या जगात बोटांवर मोजण्याइतकी. उलट लक्षणे दिसण्यापूर्वी योग्य उपचार झाले तर रोग बहुधा निश्चितपणे टळतो. इतका भयंकर आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा असा दुसरा रोग सांगणे कठीण आहे.

ह्याचे कारण ह्या रोगाच्या चालीत आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतील विषाणू जखमेतून शरीरात शिरतो. तो प्लेगाप्रमाणे रक्तातून धावत नाही; मज्जातंतूंच्या वाटेने मुंगीच्या पावलांनी मेंदूकडे चालू लागतो. पायाला चावा असेल तर वाट लांब, चेहऱ्याला असेल तर अगदी जवळ. लहान मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकीच असल्याने मुलांना डोक्याला व तोंडाला चावे बसतात आणि म्हणूनच त्यांना धोका अधिक. साधारणतः एक ते तीन महिन्यांत, कधी काही दिवसांत तर कधी वर्षाहूनही उशिरा, विषाणू मेंदूत पोचतो. म्हणजे दंश झाल्या क्षणापासून दोन वाटचाली एकदम सुरू होतात. एक विषाणूची, मेंदूकडे. दुसरी माणसाची, औषधाकडे. जो आधी पोचेल तो जिंकेल. ह्या रोगाच्या प्रतिबंधाचा इतिहास म्हणजे माणसाची वाट कशी कमी होत गेली ह्याचा इतिहास होय.

पुरातन काळी ही वाट नव्हतीच. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ह्या रोगाचे वर्णन आहे. कुत्राच नव्हे, तर कोल्हा, तरस, अस्वल, वाघ ही जनावरेही पिसाळतात, त्यांची लाळ गळू लागते, ती सैरावैरा धावतात, हे सुश्रुताने टिपून ठेवले आहे. दंश झालेला माणूस पाण्याच्या दर्शनाने किंवा नुसत्या आवाजाने घाबरू लागला की तो वाचत नाही, हेही त्याने स्वच्छ सांगितले आहे. जखमेतील रक्त काढून ती तापलेल्या तुपाने डागावी, असा उपाय तो सांगतो. विषाणू डोळ्यांना दिसण्याची सोय नसलेल्या काळात रोगाचे मूळ जखमेपाशीच आहे, तेथेच त्याला गाठले पाहिजे, हे त्या वैद्याने ओळखले, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे डाग देण्याची रीत तेवढी उरली आणि तिच्या मागचा विचार मात्र मांत्रिकाच्या गंड्यादोऱ्यात हरवला.

माणसाला वाचविता येत नाही तर कुत्र्याला मारावे, हा विचार राज्यकर्त्यांना सुचणे स्वाभाविक होते. मुंबईत इंग्रजांच्या कंपनी सरकारने १८१३ पासून उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला. १८३२ मध्ये ह्या मोहिमेची मुदत वाढविण्यात आली आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवण्यात आले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. ६ जून १८३२ रोजी पारशांच्या पवित्र दिवशीच ही मारहाण चालू असता कोटातील पारशी खवळले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडले. जैन, हिंदू व मुसलमान व्यापारीही त्यांना मिळाले आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. सरकारने दंगा मोडला, धरपकड केली. पण पुढे कुत्री मारण्याऐवजी गावाबाहेर नेण्याची तडजोड निघाली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, शेठ जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापारी ह्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. ह्या दंग्यात कोणाचे बरोबर होते? रेबीजचे भय खरे होते आणि लोकांच्या भावनाही खऱ्या होत्या. खोटी होती ती एकच समजूत, की बक्षीस लावून कुत्री मारली म्हणजे रोग मरतो. मारलेल्या कुत्र्याची जागा काही महिन्यांत नवी पिल्ले आणि वेशीबाहेरची कुत्री घेतात, हे तेव्हा कोणी मोजून पाहिले नव्हते.

इंग्लंडने स्वतःच्या बेटावर मात्र निराळा मार्ग धरला. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधण्याची सक्ती झाली. परदेशांतून येणाऱ्या कुत्र्याला काही काळ अलग ठेवण्याचा कायदा झाला आणि १९०२ मध्ये तो देश रेबीजमुक्त झाला. तेथे हे साधले, कारण तेथील बहुतेक कुत्र्याला धनी होता आणि चहूकडे समुद्र होता. आपल्याकडे कुत्रा कोणाचा, असे विचारले तर उत्तर येते, ‘गल्लीचा’. शिळी भाकरी त्याला सगळेच घालतात, पण जबाबदारी घ्यावयाची वेळ आली की तो कोणाचाच नसतो.

माणसासाठी औषधाची पहिली वाट उघडली ती पॅरिसमध्ये. ४ जुलै १८८५ रोजी अल्सेस प्रांतातील जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी फाडले. आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर ह्यांच्याकडे आली. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते; म्हणून ६ जुलै रोजी पहिले इंजेक्शन डॉक्टर ग्रांशे ह्यांनी दिले. रेबीज झालेल्या सशाचा पृष्ठरज्जू वाळवून क्षीण केलेले विष प्रथम आणि पुढे दिवसागणिक अधिक तीव्र, अशी १३ इंजेक्शने देण्यात आली. मुलगा वाचला. पुढल्याच वर्षी रशियाच्या स्मोलेन्स्क भागातून लांडग्याने फाडलेले १९ शेतकरी लांबचा प्रवास करून पॅरिसला आले. त्यांपैकी ३ दगावले, १६ परत गेले. उशीर होऊनही इतके वाचले म्हणून युरोपभर पाश्चर ह्यांचा जयजयकार झाला; आणि तिघे गेले ह्यातून उशिराची किंमतही जगाला कळली.

हिंदुस्थानातून पॅरिसला कोण जाणार? सरकार दंश झालेल्या गोऱ्या सोल्जरांना तेथे पाठवी. गरीब रयतेला तो मार्ग नव्हता. ह्या देशातील पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये शिमल्याजवळ कसौली येथे निघाली. डेव्हिड सेम्पल हे तिचे पहिले संचालक. १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूर येथे दुसरी निघाली. आता आपल्या वाशीमच्या माणसाचा विचार करा. १९०० साली वाशीमला आगगाडी नव्हती. दंश झालेल्या पोराला बैलगाडीत घालून सुमारे ५० मैलांवरच्या अकोल्याला न्यावयाचे, तेथून आगगाडीने उत्तर हिंदुस्थान गाठावयाचा, काल्का येथे उतरून डोंगर चढावयाचा, आणि उपचार संपेपर्यंत त्या थंडीत, अनोळखी भाषेच्या मुलखात राहावयाचे. पेरणीचे दिवस असले तर बाप कोणत्या तोंडाने निघेल? अशा माणसाला गावातलाच मांत्रिक जवळचा वाटला तर त्याला अडाणी म्हणण्यापूर्वी आपण ते अंतर मोजले पाहिजे. अंधश्रद्धेचे मूळ पुष्कळ वेळा अज्ञानाइतकेच अंतरातही असते.

हे अंतर तोडण्याचे श्रेय सेम्पल ह्यांच्याकडे जाते. पाश्चर ह्यांची लस जिवंत विषाणूची. ती ताजी करावी लागे आणि तयार करणाऱ्या संस्थेपाशीच टोचावी लागे. सेम्पल ह्यांनी १९११ च्या सुमारास कसौलीला मेंढीच्या मेंदूपासून, कार्बोलिक आम्लाने विषाणू मारून, निराळी लस बनविली. ती टिकाऊ होती. बाटलीत भरून टपालाने ती जिल्ह्याच्या इस्पितळात पाठविता येऊ लागली. रोग्याने लसीकडे जाण्याऐवजी लस रोग्याकडे निघाली! मुंबईत परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले, तेथेही ही लस तयार होऊ लागली आणि महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या तिने वाचविल्या.

हीच ती ‘पोटातली चौदा इंजेक्शने’. बेंबीभोवती रोज एक, ह्या कल्पनेनेच माणसे अर्धमेली होत. त्या लसीत मेंदूचा अंश असल्याने क्वचित रोग्याला पक्षाघातासारखा विकारही जडे. तरीही नव्वद वर्षांहून अधिक काळ गरिबांसाठी तीच एक आशा होती. आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर १९०५ मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडला गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत, म्हणजे ९३ वर्षे, आपले जिल्ह्याचे ठाणे अकोल्यास होते. मानोऱ्याच्या तांड्यावरून किंवा रिसोडच्या टोकावरच्या खेड्यातून चौदा दिवस रोज इस्पितळ गाठणे म्हणजे चौदा दिवसांची मजुरी बुडणे. कित्येकांनी चार-पाच इंजेक्शनांवर उपचार सोडून दिले असतील, तर त्याचे कारण केवळ सुईचे भय नव्हते.

पुढची पायरी इराणात पडली. १९५४ मध्ये तेथील सहने गावात एका पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ जणांना फाडले. त्यांतील १८ जणांना डोक्याला जखमा होत्या. पाश्चर संस्थेच्या इराण शाखेतील डॉक्टरांनी लसीबरोबर रेबीजविरोधी सिरमही वापरून पाहिले. डोक्याला जखमा असलेल्यांपैकी नुसती लस मिळालेल्या पाचांतील तिघे गेले. सिरम व लस दोन्ही मिळालेल्या तेरांपैकी एकच दगावला. लस शरीराला लढाई शिकविते, पण त्या शिक्षणास काही दिवस लागतात. सिरम तयार सैनिकच जखमेपाशी उभे करते, हा धडा त्या रात्रीने दिला. १९७६ मध्ये इराणातच पेशींवर वाढविलेल्या नव्या लसीची परीक्षा झाली आणि पिसाळलेली कुत्री व लांडगे चावलेले ४५ जण सर्वच्या सर्व वाचले. भारतात मेंदूपासून बनविलेल्या जुन्या लसीचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले. आता इंजेक्शन दंडावर देतात. कातडीत टोचण्याच्या पद्धतीत सुरुवातीचा दिवस, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा चारच फेऱ्या कराव्या लागतात. सरकारी रुग्णालयांत ही लस विनामूल्य आहे. खोल जखमेसाठी जखमेतच टोचावयाचे सिरमाच्या जातीचे औषध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये त्याचा जनावराच्या रक्ताशिवाय बनविलेला नवा प्रकारही बाजारात आणला.

इतके झाल्यावर हा इतिहास येथे संपावयास हवा होता. तो संपलेला नाही. २०२२-२३ च्या देशव्यापी पाहणीवरून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी केलेल्या अंदाजानुसार देशात दरसाल सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांतील तीन-चतुर्थांश कुत्र्यांचे चावे असतात. आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरतात. विसेक वर्षांपूर्वीच्या पाहणीत हा आकडा २० हजारांच्या घरात होता. घट झाली खरी. पण टाळता येण्याजोग्या रोगाने रोज पंधरा माणसे जावीत, ही समाधान मानण्याची गोष्ट नव्हे.

कारण आपण माणसाच्या वाटेकडे लक्ष दिले आणि कुत्र्याच्या वाटेकडे दुर्लक्ष केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० च्या सुमारास स्पष्ट सांगितले की, कुत्री मारून रेबीज आटोक्यात येत नाही. वस्तीतील शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांना दरसाल लस टोचली तर मात्र रोगाची साखळी तुटते. आपल्याकडे २००१ मध्ये कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्याने झाले. कुत्रा पकडावा, त्याची शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी आणि त्याला त्याच्याच गल्लीत सोडावे, असा त्यांचा आशय. वाद मात्र १८३२ चाच चालू राहिला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तो आदेश बदलून पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता बाकीची लस देऊन परत सोडावीत, असे ठरले. आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांसाठी निराळा, कडक आदेश निघाला. चावा बसलेल्या लेकराची आई आणि कुत्र्याला भाकरी घालणारी आजी, दोघींच्याही बाजूने बोलणारे पुष्कळ निघाले. गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला लस मिळाली का, हा प्रश्न त्या गलक्यात मागे पडला.

हा प्रश्न विचारून तो सोडविणारे उदाहरण आपल्या शेजारी आहे. गोव्यात २०१३ पासून राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था ह्यांनी मिळून काम आरंभिले. पाळीव कुत्र्यांना दारोदार जाऊन आणि मोकाट कुत्र्यांना जाळ्यांनी पकडून लस टोचली. कोणत्या आळीत किती झाली ह्याची नोंद ठेवली. दरसाल ९० हजारांहून अधिक कुत्र्यांपर्यंत हे काम पोचले. शाळाशाळांतून मुलांना शिकविले. पिसाळलेला कुत्रा दिसल्यास कळविण्यासाठी दूरध्वनीची सोय केली. २०१७ च्या सप्टेंबरनंतर पुढील काही वर्षे गोव्यात माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य ठरले. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांची. आपल्या वाशीम जिल्ह्याची सुमारे १२ लाख. ते राज्य आहे आणि आपण जिल्हा, म्हणून साधने सारखी नाहीत हे मान्य. पण माणसांच्या संख्येने पाहिले तर हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे म्हणण्यास जागा नाही.

माहितीचे सामर्थ्य किती, ह्याचे एक जुने उदाहरण दूरच्या आइसलंडचे आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात पुष्कळ लोकांच्या यकृतात पाण्याने भरलेल्या मोठमोठ्या गाठी होत. ह्या गाठी कुत्र्याच्या आतड्यातील एका बारीक फीतकृमीमुळे होतात. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या हाताला व अन्नाला लागतात. आणि कापलेल्या मेंढीची गाठी असलेली आतडी-फुप्फुसे खाऊन कुत्र्याला पुन्हा तोच कृमी होतो. डेन्मार्कचे संशोधक हाराल्ड क्राबे १८६३ मध्ये तेथे गेले, आणि १८६४ मध्ये त्यांची एक लहानशी पुस्तिका त्या देशात घरोघर वाटली गेली. मेंढीचा टाकाऊ भाग पुरा किंवा जाळा, कुत्र्याला घालू नका, हात धुवा, एवढाच तिचा सांगावा. लोकांनी ती हिवाळ्याच्या लांब रात्रींत वाचली आणि वागणूक बदलली. पुढे कुत्र्यांना दरसाल जंताचे औषध देण्याचा कायदाही झाला. काही पिढ्यांत तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या बाजारातील खाटकाच्या दुकानामागे टाकलेल्या आतड्यांवर तुटून पडलेली कुत्री पाहिली की ती लहानशी पुस्तिका आठवावी. तो रोग आपल्याकडेही आहेच.

मग आपली वाट आता किती उरली? पॅरिस संपले, कसौली संपली, अकोल्याची बैलगाडीही संपली. उरली ती ओट्यापासून नळापर्यंतची आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची. कुत्रा, मांजर, माकड, कोल्हा कोणीही चावो वा ओरबाडो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. साबणाने ह्या विषाणूचे कवच विरघळते. हे काम कोणतेही डॉक्टर येण्यापूर्वी घरची माणसे करू शकतात. हळद, मिरचीपूड, चुना लावू नये, डाग देऊ नये, जखम घट्ट बांधू नये. नंतर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष जरूर ठेवावे, परंतु तो जगतो की मरतो ह्याची वाट पाहत लस लांबणीवर टाकू नये. पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर ‘आता काही होत नाही’ म्हणून फेऱ्या अर्ध्यावर सोडू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांना धाकात ठेवू नये. मार बसेल म्हणून ओरखडा लपविणारे मूल हे ह्या रोगाचे सर्वांत सोपे भक्ष्य असते. ‘कुत्रा चावला तर मी रागावणार नाही, पण मला सांगायचं,’ हे वाक्य प्रत्येक घरात आधीच बोलून ठेवलेले असावे.

उरते कुत्र्याची वाट. ती एकट्यादुकट्याने चालता येत नाही. तेथे नगरपरिषद हवी, पशुवैद्य हवेत, आळीतली चार जाणती पोरे हवीत. ज्या घरातून कुत्र्याला रोज भाकरी जाते, त्या घराने वर्षातून एकदा त्याला धरून लस टोचून घेण्यास मदत करावी. भुकेल्या कुत्र्याला ओळखीचा हात जितका सहज धरू शकतो तितके कोणाचे जाळे धरू शकत नाही. देवघरातल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी बसलेल्या त्या चार कुत्र्यांना आपण रोज नमस्कार करतो. गल्लीत बसलेल्या पाचव्याला वर्षातून एक टोचणी मिळावी, एवढेच ह्या इतिहासाचे आपल्याकडे मागणे आहे.